जुन्या लॅपटॉपची बटणं कोण सांभाळतं?

लॅपटॉपच्या कीबोर्डवरची सगळ्यांत वरची ओळ पाहा. एफ-१, एफ-२ असे आकडे असतात आणि त्यांच्या शेजारी बारीक चित्रं: सूर्य, कर्णा, फुली मारलेला माइक, विमान, चंद्रकोर. टायपिंगशी यांचा संबंध नाही. पडद्याचा उजेड कमी-जास्त करणं, आवाज बंद करणं, यंत्र झोपवणं ही त्यांची कामं. विंडोज घालून आलेल्या नव्या लॅपटॉपवर बटण दाबलं की काम होतं, आणि ते कसं झालं याचा विचार कुणी करत नाही. त्याच यंत्रावर विंडोजच्या जागी लिनक्स किंवा फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम घातली की बहुतेक बटणं चालतात, पण कधी कधी एखादं मुकं होतं. ते पुन्हा चालावं म्हणून कुणीतरी एक छोटा प्रोग्राम लिहितो. दुसरा कुणी त्याचं पॅकेज बांधतो, म्हणजे तो प्रोग्राम एका आज्ञेने कुणाच्याही यंत्रावर बसेल अशी सोय करतो. आणि मग सुरू होतं ते पॅकेज वर्षानुवर्षं अपडेट करत राहण्याचं काम. त्या कामाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

मी झाशीजवळ बिजौलीला राहतो. झाशीहून बबीना-ललितपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका कारखान्यात मोटारी, पॅनेल आणि वायरिंगची देखभाल माझ्याकडे असते. घराणं पिढ्यान् पिढ्या झाशीतलं, घरात मराठी आणि दाराबाहेर बुंदेली. संध्याकाळी ओळखीचे लोक जुने लॅपटॉप घेऊन येतात. उत्तर प्रदेश सरकारने २०१३ साली बारावी झालेल्या मुलांना लॅपटॉप वाटले, त्यातले काही अजून घराघरांत आहेत. काही दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून आलेले सेकंडहँड असतात. ऑफिसांनी वापरून काढून टाकलेले, पण अंगाने धट्टेकट्टे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ या यंत्रांना आपल्यात घेत नाही. मग मी त्यांच्यावर डेबियन नावाचं लिनक्स घालून देतो. यंत्र पुन्हा धावायला लागतं, आणि दोन दिवसांनी निरोप येतो: सगळं छान आहे, फक्त ते सूर्याचं बटण चालत नाही.

ही तक्रार मला कधी क्षुल्लक वाटली नाही. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी अंगणात बसलं तर पडदा पूर्ण उजळल्याशिवाय अक्षर दिसत नाही. वीज गेली की उलट, पडदा मंद केला तर बॅटरी बराच वेळ पुरते, आणि परीक्षेच्या दिवसांत तेवढ्या वेळात एक धडा वाचून होतो.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते पाहू. कीबोर्डच्या खाली मदरबोर्डवर एक वेगळी छोटी चिप असते, तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. बॅटरीचं चार्जिंग, पंख्याचा वेग आणि कीबोर्ड यांच्यावर तिचं लक्ष असतं. कोपऱ्यातलं एफएन बटण बहुतेक लॅपटॉपांत हीच चिप ऐकते, ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत ते पोचतच नाही. एफएन आणि दुसरं बटण एकत्र दाबलं की चिप ठरवते, की ही बातमी वर कोणत्या वाटेने पाठवायची.

वाटा अनेक आहेत, आणि सगळा गोंधळ तिथेच आहे. आवाजाची बटणं बहुधा साध्या अक्षरांसारखीच जातात. त्यांचा एक सांकेतिक क्रमांक वर येतो आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याचं आपल्या यादीतल्या क्रमांकात रूपांतर करतो. आवाज बंद म्हणजे ११३, कमी म्हणजे ११४, जास्त म्हणजे ११५. उजेडाची बटणं अनेकदा एसीपीआयच्या वाटेने जातात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली मांडलेली ही व्यवस्था. यंत्राच्या वीजवापराचा कारभार बायोसकडून, म्हणजे यंत्रात आधीपासून भरलेल्या मूळ प्रोग्रामकडून, काढून ऑपरेटिंग सिस्टीमकडे द्यायचा, हा तिचा हेतू. तिच्यात उजेड वाढवण्याची सूचना ८६ आणि कमी करण्याची ८७ या खुणेने येते. हे आकडे सोळाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीतले आहेत. आणि तिसरी वाट म्हणजे ज्या त्या कंपनीची स्वतःची. तिला ठरलेला नियम नाही, यंत्र उघडून पाहिल्याशिवाय ती कळत नाही.

तिसऱ्या वाटेचं माझं आवडतं उदाहरण आयबीएमच्या थिंकपॅडचं आहे. १९९२ मध्ये आलेला हा काळा लॅपटॉप, २००५ पासून लेनोव्होकडे. जुन्या थिंकपॅडमध्ये उजेड, आवाज, पडद्याच्या वरच्या कडेचा छोटा दिवा, ही सगळी कामं बायोस स्वतःच करून टाकायचं. बटण दाबा, पडदा उजळला. ऑपरेटिंग सिस्टीमला कुणी कळवतही नसे. फक्त जाता जाता बायोस एका ठिकाणी नोंद करून ठेवायचं. घड्याळाच्या चिपमध्ये १२८ बाइटची एक छोटी स्मृती असते, यंत्र बंद असलं तरी बटणाएवढ्या सेलवर जिवंत राहणारी. पहिले १४ बाइट वेळेसाठी, उरलेले ११४ बायोसचे. दूधवाला लिटर ठेवून हाक न मारता निघून जातो आणि दाराशी टांगलेल्या कॅलेंडरवर खूण करून जातो, तसं ते होतं.

मार्कुस ब्राउन यांनी लिहिलेला टीपीबी हा प्रोग्राम ते कॅलेंडर वाचायचा. टीपीबी म्हणजे थिंकपॅड बटन्स. ते ११४ बाइट पुन्हा पुन्हा वाचायचे, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं ते पाहायचं, आणि पडद्यावर आवाजाची किंवा उजेडाची पट्टी दाखवायची. थिंकपॅडचं खास बटण दाबलं तर आपण सांगू ती आज्ञा चालवायची. एवढंच काम. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज होतं, फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये, म्हणजे तिथल्या पॅकेजांच्या संग्रहातही होतं. कागदपत्रं नसलेल्या यंत्राचा असा शोध घेणं मला फार मोलाचं वाटतं. माणसाने बटण दाबायचं, आधीचे बाइट आणि नंतरचे बाइट शेजारी ठेवायचे, आणि कुठला बिट हलला ते शोधायचं. उजेडाची नोंद ९४ क्रमांकाच्या बाइटमध्ये आहे आणि आवाजाची ९६ मध्ये, हे असंच हाताने शोधलेलं ज्ञान.

मग अशा प्रोग्रामला अपडेट कशाला लागतं? बटणं तीच, बाइट तेच. मला हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे, आणि तो रास्त आहे. उत्तर असं की प्रोग्राम जागच्या जागी असला तरी त्याच्या खालची आणि वरची जमीन सरकत असते.

खालची जमीन म्हणजे यंत्र. जुन्या थिंकपॅडमध्ये उजेडाच्या ८ पायऱ्या होत्या, ० ते ७. पुढच्या काही मॉडेलांत त्या १६ झाल्या. ० ते ७ हे आकडे तीन बिटांत मावतात, १५ पर्यंत मोजायला चार बिट लागतात. आता तीनच बिट वाचणारा प्रोग्राम नव्या यंत्रावर चालवा. पडदा सातव्या पायरीवरून आठव्या पायरीवर गेला, डोळ्यांना जास्त उजळ दिसतोय, आणि पट्टी मात्र एकदम शून्यावर आलेली. कारण आठ हा आकडा चार बिटांत १००० असा लिहितात, त्यातले शेवटचे तीन वाचले तर हाती शून्य येतो. दुरुस्ती करायला एका आकड्याचा बदल पुरतो. पण तो बदल करायला हवा हे कळण्यासाठी १६ पायऱ्यांचा लॅपटॉप कुणाच्या तरी मांडीवर असावा लागतो.

वरची जमीन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. बोरिस्लाव डेयानोव्ह यांनी लिनक्स कर्नलसाठी आयबीएम-एसीपीआय नावाचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राच्या भागांशी बोलणारा प्रोग्राम, लिहिला होता. पुढे ब्राझीलच्या एन्रिके दि मोरायस होल्शुह यांनी तो सांभाळला आणि २००७ च्या जुलैत आलेल्या २.६.२२ या कर्नलपासून त्याचं नाव थिंकपॅड-एसीपीआय झालं. नाव बदललं, कर्नलमधली जागाही बदलली. शिवाय जे काम टीपीबी बाहेरून करत होता तेच हा ड्रायव्हर कर्नलच्या आतून करू लागला. ज्या मॉडेलांत दुसरा इलाज नाही तिथे तो आजही त्याच घड्याळाच्या स्मृतीत डोकावतो, वेगळं सांगितलं नाही तर सेकंदाला १० वेळा, आणि सापडलेला बदल साध्या बटणासारखा वर पाठवतो. फ्रीबीएसडीनेही आपला एसीपीआय-आयबीएम ड्रायव्हर आणला. आता ती पट्टी दाखवण्याचं काम डेस्कटॉप स्वतःच करतो. त्यात पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स प्रणालीच्या जागी वेलँड आलं. वेलँडमध्ये एखाद्या प्रोग्रामने सगळ्या कीबोर्डवर कान लावून बसायला परवानगी नाही, सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण एक्सच्या भरवशावर लिहिलेली बटणांची अवजारं तिथे निकामी होतात.

पॅकेज सांभाळणाऱ्याला हे सगळं ध्यानात ठेवावं लागतं. मूळ प्रोग्राम ज्याने लिहिला तो वेगळा, पॅकेज बांधणारा बहुधा वेगळा. डेबियनमध्ये पॅकेजच्या क्रमांकातच हे दिसतं. समजा क्रमांक ०.६.४-२ असा आहे. आडव्या रेघेच्या डावीकडचा भाग मूळ लेखकाचा, उजवीकडचा २ हा डेबियनमध्ये बांधणाऱ्याचा. मूळ प्रोग्राम वर्षानुवर्षं हलला नाही तरी उजवीकडचा आकडा वाढत राहतो. कारण नवा कंपायलर, म्हणजे मूळ संहितेतून (सोर्स कोडमधून) चालता प्रोग्राम बनवणारं अवजार, जुन्या संहितेवर हरकत घेतो, एखादी लायब्ररी नाव बदलते, गटाची परवानगी बदलते. डेबियनमध्ये घड्याळाची ती स्मृती वाचायला एनव्हीरॅम नावाच्या गटात वापरकर्त्याचं नाव असावं लागे. ते नसेल तर प्रोग्राम बसतो, सुरू होतो आणि काहीच दाखवत नाही. ही एक ओळ पॅकेजसोबतच्या टिपणात लिहिणं हाही अपडेटच, आणि माझ्या मते नव्या सोयीपेक्षा जास्त उपयोगाचा.

फ्रीबीएसडीची पद्धत मला आणखी उघडी वाटते. तिथे प्रत्येक पोर्ट म्हणजे एक फोल्डर. आत मेकफाइल, म्हणजे नाव, आवृत्ती, मूळ संहिता कुठून आणायची, कुणावर अवलंबून आहे, कोण सांभाळतो याची नोंद. शेजारी डिस्टइन्फो नावाची फाइल, तिच्यात मूळ संहितेच्या गठ्ठ्याचा आकार आणि त्याचा एसएचए-२५६ ठसा. गठ्ठ्यातलं एक अक्षर जरी कुणी बदललं तरी ठसा जुळत नाही आणि बांधणी तिथेच थांबते. तिसऱ्या ठिकाणी दुरुस्त्या, मूळ संहितेतल्या नेमक्या ओळी जुन्या-नव्या अशा मांडलेल्या. आवृत्ती अपडेट करायची म्हणजे मेकफाइलमधला आकडा वाढवायचा, नवा गठ्ठा आणून ठसा नव्याने घ्यायचा, आणि जुन्या दुरुस्त्या अजून लागू पडतात का ते एकेक करून पाहायचं. काही दुरुस्त्या मूळ लेखकाने स्वीकारलेल्या असतात, त्या काढून टाकायच्या. मग पोर्टलिंट नावाचं अवजार लिखाणातल्या चुका दाखवतं, पूद्रिएर नावाचं अवजार एका कोऱ्या, वेगळ्या जागेत सगळं पुन्हा बांधून पाहतं. आपल्या यंत्रावर आधीपासून असलेल्या एखाद्या लायब्ररीच्या जिवावर प्रोग्राम चालला आणि इतरांकडे पडला, असं होऊ नये म्हणून ही कोरी जागा.

एखाद्या पोर्टला सांभाळणारा आहे आणि कुणी बाहेरच्याने दुरुस्ती पाठवली, तर त्याच्या उत्तराची दोन आठवडे वाट पाहतात. उत्तर आलं नाही तर अधिकार असलेला दुसरा माणूस ती दुरुस्ती घेऊ शकतो. हा नियम मला फार समंजस वाटतो. माणूस आजारी असेल, घरात लग्न असेल, नोकरी बदलली असेल. त्याचा मान राखला जातो आणि कामही अडत नाही. डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी अनस्टेबल नावाच्या विभागात येतं, काही दिवस तिथे गंभीर तक्रार आली नाही तर टेस्टिंगमध्ये सरकतं, आणि शेवटी स्टेबलमध्ये तुमच्या-आमच्या हातात पोचतं. म्हणून आज केलेली दुरुस्ती स्टेबल वापरणाऱ्यापर्यंत पोचायला कधी कधी वर्ष-दोन वर्षंही लागतात.

इतकी चाळणी कशाला, असं वाटेल. बटणांचे हे प्रोग्राम अनेकदा रूट अधिकाराने, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च अधिकाराने चालतात. आणि जो प्रोग्राम आवाजाचं बटण ऐकू शकतो तो पासवर्ड टाइप होतानाही ऐकू शकतो. अशा विश्वासाचा गैरवापर कसा होऊ शकतो, याची २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्या जगाला जाणीव झाली. एक्सझेड ही फाइली आवळून लहान करणारी लायब्ररी, तिचे मूळ लेखक लासे कॉलिन ती जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. जिआ तान या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदत करत त्यांचा विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. अपडेट म्हणूनच तो आला. पकडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. डेबियनच्या अनस्टेबलवर आपलं काम करताना दूरच्या यंत्रात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं आणि त्यांनी मुळापर्यंत जाऊन पाहिलं. २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं, तोवर तो दरवाजा बहुतेकांच्या स्थिर आवृत्तीत पोचला नव्हता. एकट्या, थकलेल्या माणसाच्या खांद्यावर एवढं ओझं ठेवणं धोक्याचं आहे, हे तेव्हापासून सगळेच म्हणतात. ओझं वाटून घ्यायला मात्र माणसं लागतात, आणि मला वाटतं ती आपल्याकडे आहेत.

कारण या विशिष्ट कामात एक गोष्ट पैशाने किंवा हुशारीने मिळत नाही, ती म्हणजे यंत्र. बर्लिनमध्ये किंवा साओ पावलोमध्ये बसलेल्या माणसाकडे दहा वर्षांपूर्वीच्या शेकडो मॉडेलांपैकी दोन-चार असतील. बाकीच्यांसाठी तो अंदाजाने लिहितो. २०२२ मध्ये हे सगळ्यांना स्पष्ट दिसलं. तोवर लिनक्समध्ये एकाच पडद्याचा उजेड बदलायला काही लॅपटॉपांवर दोन-दोन दरवाजे उघडत. एक एसीपीआयचा, एक ग्राफिक्स ड्रायव्हरचा, कधी कंपनीचा तिसरा. त्यांतला खरा कोणता हे डेस्कटॉपला ओळखावं लागे आणि तो चुकीचा निवडला गेला की बटण दाबल्यावर पट्टी हलायची, पडदा मात्र तसाच. तेव्हा रेड हॅटमध्ये असलेले डच अभियंते हान्स दे गुडे यांनी ही सगळी रचना नव्याने मांडली, एका पडद्याला एकच दरवाजा. ही मांडणी ६.१ या कर्नलमध्ये आली, डिसेंबर २०२२ मध्ये. पण तत्पूर्वी त्यांनी लोकांना जाहीर विनंती केली, की काही जुन्या लॅपटॉपांवर यामुळे उजेडाचं बटण बंद पडू शकतं, तुमच्या यंत्रावर तपासून मला सांगा. इतकं कसलेले अभियंते, तरी दुसऱ्याच्या घरातल्या जुन्या यंत्रावर काय होईल हे त्यांना तिथे बसून कळणार नव्हतं.

अशी यंत्रं आमच्या भागात आहेत. झाशीत, ललितपूरला, ओरछ्याच्या बाजूच्या खेड्यांत, आणि मला खात्री आहे की सोलापूर, नांदेड, चंद्रपूरलाही घराघरांत आहेत.

बुंदेलखंड विद्यापीठात शिकणारी आमच्या शेजारची एक मुलगी मागच्या हिवाळ्यात असाच एक सेकंडहँड लॅपटॉप घेऊन आली. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. ती म्हणाली, “काका, ऑनलाइन क्लासमध्ये माइकचं बटण दाबते, पण लाल दिवा लागत नाही आणि आवाज चालूच राहतो. आई स्वयंपाकघरातून हाक मारते ते सगळ्या क्लासला ऐकू जातं.”

तिला शेजारी बसवलं आणि कर्नलची नोंदवही उघडली. लिनक्स ती सतत लिहीत असतं, आणि यंत्राच्या मालकाला ती रूट अधिकाराने वाचता येते. “आता दाब,” म्हटलं. तिने दाबलं आणि खाली एक नवी ओळ उमटली, अनोळखी बटण दाबलं गेलं, त्याचा सांकेतिक क्रमांक अमुक. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच ओळ. तिचा चेहरा उजळला. बटण मुकं नव्हतं, चिप आपलं काम चोख करत होती, फक्त त्या क्रमांकाचा अर्थ कर्नलला ठाऊक नव्हता.

अर्थ सांगायची जागा ठरलेली आहे. यूडेव्ह नावाच्या घटकासोबत एक साधी मजकुराची फाइल येते. तिच्यात शेकडो लॅपटॉपांच्या नोंदी आहेत. पहिल्या ओळीत कंपनी आणि मॉडेल, खाली या क्रमांकाचं बटण म्हणजे अमुक काम, अशा ओळी. आपली ओळ वेगळ्या स्थानिक फाइलमध्ये लिहायची, दोन आज्ञा द्यायच्या, आणि लगेच फरक दिसतो. ओळ लिहिताना तिने विचारलं, “काका, माइक बंद असं लिहायचं ना, मग इथे सगळ्यांनी एफ-२० का लिहिलंय? कीबोर्डवर तर बाराच आहेत.”

प्रश्न अगदी नेमका होता. लिनक्सच्या यादीत माइक बंद करण्याचा क्रमांक २४८ आहे. जुनी एक्स प्रणाली प्रत्येक क्रमांकात ८ मिळवते, आणि तिची मर्यादा २५५. २४८ आणि ८ म्हणजे २५६. एका आकड्याने बाहेर. त्यामुळे लिनक्सला कळलेलं बटण एक्सच्या दारात अडून राहायचं. म्हणून लोकांनी ठरवलं, की सहसा कुणाच्या कीबोर्डवर नसलेलं एफ-२० हे बटण माइकसाठी वापरायचं आणि डेस्कटॉपला तसं सांगून ठेवायचं. एक्सच्या मर्यादेने घालून दिलेली ही सोय वेलँडच्या काळातही टिकून राहिली, कारण अनेक यंत्रांवर एक्स होतंच.

तिने एफ-२० लिहिलं, आज्ञा दिल्या, बटण दाबलं. पडद्यावर फुली मारलेला माइक आला.

आमच्यापुरतं काम झालं होतं, पण ती ओळ तिच्याच यंत्रावर राहिली असती तर पुढच्या विद्यार्थ्याला पुन्हा सुरुवातीपासून शोधावं लागलं असतं. ती मूळ प्रकल्पाला पाठवायची असते. आम्ही पाठवली. तपासणाऱ्याने एकच विचारलं, की मॉडेलच्या नावाचा कितवा भाग पक्का आणि कोणता बदलता, कारण नोंद फार सैल लिहिली तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या लॅपटॉपचं चांगलं बटण बिघडतं. मुलीने लॅपटॉप उलटा करून तळाची चिकटपट्टी वाचली, यंत्राच्या आतल्या नावाशी ताडून पाहिली आणि उत्तर स्वतः लिहिलं. इंग्रजी सोपं, चार वाक्यांचं, पण नेमकं. असं लेखन आपल्या मुलांना शाळेत शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. कारखान्यात बिघाडाच्या नोंदवहीत मी नव्या मुलांकडून हेच लिहून घेतो.

तुमच्याकडे असा लॅपटॉप असेल तर कळवताना मॉडेलचं पूर्ण नाव द्या, बायोसची आवृत्ती द्या, कर्नलची आवृत्ती द्या, कोणत्या बटणावर कोणता क्रमांक येतो ते द्या. क्रमांक येतच नसेल तर तेही लिहा, कारण मग दोष दुसऱ्या वाटेवर, एसीपीआयच्या बाजूला शोधायचा असतो. एक्स आहे की वेलँड हे सांगायला विसरू नका. आधीच्या आवृत्तीत चालत होतं आणि अपडेटनंतर बंद पडलं असेल, तर शेवटची चालू आवृत्ती कोणती हे लिहिणं सगळ्यांत मोलाचं. त्या दोन आवृत्त्यांमधले बदल अर्धे-अर्धे करत तपासले तर हजारो बदलांतून दोषी बदल डझनभर बांधण्यांत सापडतो. एक हजार बदल असतील तर दहाच चाचण्या पुरतात.

माझ्या घरी कपाटात एक जुना थिंकपॅड आहे, जाड आणि जड, पडद्याच्या कडेला तो छोटा दिवा असलेला. नवा कर्नल डेबियनच्या टेस्टिंगमध्ये आला की मी तो बाहेर काढतो आणि वरची ओळ डावीकडून उजवीकडे दाबून पाहतो. बहुतेक वेळा सगळं ठीक असतं. तेही मी लिहून ठेवतो, मॉडेल, तारीख आणि कर्नलच्या आवृत्तीसकट, कारण पुढे कधी एखादं बटण बंद पडलं, तर ते कोणत्या आवृत्तीपर्यंत चालत होतं हे त्या नोंदीवरूनच सांगता येतं.